हिमपुष्प

सन १९०१ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील एका रुग्णालयात आगुस्टे नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. डॉक्टरांनी तिला पतीचे नाव विचारले, तेव्हा तिने स्वतःचेच नाव सांगितले! ते डॉक्टर म्हणजे आलोइस अल्झायमर. १९०६ मध्ये ती मरण पावल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या बाहेर घट्ट साका साचला होता आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता झाला होता. हा विकार पुढे त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

या विकारात मेंदूतील असिटिलकोलीन नावाचे द्रव्य कमी पडते. हे द्रव्य म्हणजे एका मज्जापेशीचा निरोप दुसरीकडे पोहोचविणारा जासूदच होय. निरोप पोहोचताच एक विकर या द्रव्याचे विघटन करते. निरोगी मेंदूत हे योग्यच आहे. परंतु जेथे मुळात जासूदच थोडे उरले, तेथे अशी तत्परता काय कामाची?

युरोपात हिवाळा सरता सरता बर्फातून डोके वर काढणारे एक चिमुकले पांढरे फूल आहे. त्याची मान सदैव खाली झुकलेली असते. दिसावयास ते नाजूक खरे, पण त्याचा कंद विषारी असतो. १९५० नंतरच्या दशकात सोव्हिएत संघ व बल्गेरिया येथील संशोधकांनी या हिमपुष्पाच्या झाडांतील गॅलंटामिन या द्रव्याचा कसून अभ्यास केला. ते द्रव्य त्या विकराला आवर घालते, असे आढळले. प्रथम त्याचा उपयोग स्नायूंच्या दुर्बलतेवर होई. अल्झायमरच्या रुग्णांसाठी अमेरिकेत त्याला २००१ मध्ये मान्यता मिळाली. काही रुग्णांची स्मृती त्यामुळे काही काळ सावरते. पेशींचा नाश मात्र थांबत नाही.

मग विकार होण्यापूर्वीच एखादा अर्क घेतला तर? चीनमधील गिंको वृक्षाच्या पानांविषयी अशी मोठी आशा होती. अमेरिकेत ७५ वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या ३,०६९ व्यक्तींवर प्रयोग झाला. निम्म्यांना अर्क आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी देण्यात आली. कोणास काय मिळाले, हे घेणाऱ्यांस ठाऊक नव्हते. सुमारे सहा वर्षांनी, २००८ मध्ये, निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अर्क घेणाऱ्यांपैकी २७७ जणांना स्मृतिभ्रंश झाला होता, तर दुसऱ्या गटातील २४६ जणांना! हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतकाच होता. पण अर्काने संरक्षण दिले नाही, हे उघड झाले.

महाराष्ट्रात बुद्धिवर्धक म्हणून ब्राह्मीची कीर्ती जुनी आहे. तिचीही लहान प्रमाणावर परीक्षा झाली आहे. परंतु ती हा विकार टाळते, असे अद्याप सिद्ध झालेले नाही.