टाइलच्या आधी ढाळ

जुन्नर-आंबेगावातल्या जुन्या घरांची न्हाणी परसात असायची. शहाबादी फरशी, तीन बाजूंना आडोसा आणि सांडपाणी केळीच्या आळ्यात. कुकडीच्या कालव्यांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहू लागला. आता माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे आणि संध्याकाळनंतर मुलांना एकटं बाहेर सोडायला कुणी धजत नाही. सासूबाई मात्र पहाटे अंधारातच आंघोळीला उठतात. म्हणून न्हाणी घरात घ्यायची ठरली. जागा पडवीच्या कोपऱ्यातली, चार बाय पाच फूट. हाताशी 35 हजार रुपये.

गवंड्यानं पडवीच्या जुन्या फरशीवर पाय आपटून पाहिला आणि म्हणाला, "ताई, फरशी पक्की आहे. हिच्यावरच टाइल चिकटवू, तोडफोडीचा खर्च वाचेल." खर्च वाचला. न्हाणी चकचकीत दिसू लागली, पाहुणे कौतुक करून गेले. पावसाळा सरेपर्यंत पलीकडच्या माजघराची भिंत गुडघ्याएवढी ओली झाली आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटायला लागले.

याचं कारण समजून घ्या, कारण आपल्याकडची कितीतरी घरं अशीच बांधलेली आहेत. भिंत दगडाची दिसते, पण दगडांमधला सांधा मातीचा असतो. माती ओल घेते आणि हवा लागली की सोडूनही देते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि टाइल चढवली की त्या बाजूनं ओल बाहेर पडायची वाट बंद होते. मग टाइलच्या फटींतून मुरलेलं पाणी पलीकडच्या खोलीत उतरतं. सांध्यातली माती धुपत गेली तर भिंतच फुगते. त्यात आमच्याकडे ढाळ दाराकडे काढलेला होता, त्यामुळे प्रत्येक आंघोळीचं पाणी उंबऱ्याशी साचायचं.

दुसऱ्या गवंड्याकडून सगळं उखडून काम पुन्हा करून घेतलं. त्यानं आधी फरशी काढली, विटांच्या तुकड्यांचा कोबा केला आणि त्यावर वॉटरप्रूफिंग. दर चार फुटांना एक इंच असा ढाळ, तोही दारापासून लांबच्या कोपऱ्याकडे. त्या कोपऱ्यात नहाणी ट्रॅप. त्यात पाणी राहतं म्हणून गटाराचा वास वर येत नाही. मग ट्रॅपला बोळा घालून दोन इंच पाणी भरलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं. पातळी उतरली नाही, पलीकडे ओल आली नाही, तेव्हाच टाइलला हात लावला. या चाचणीला पैसा लागत नाही. गवंडी घाई करत असला तरी ती सोडू नका.

या वेळी मातीच्या सांध्याच्या भिंतीला टाइल लावलीच नाही. थोडी फट सोडून आतून चार इंची विटेची भिंत घेतली आणि टाइल तिच्यावर लावली. एवढ्याशा जागेतले पाच-सहा इंच गेले, त्याचं वाईट वाटलं, पण माजघर कोरडं राहिलं. पाइपही भिंतीत गाडले नाहीत, वरूनच नेले. दिसायला साधं आहे, मात्र गळती लगेच दिसते आणि भिंत फोडावी लागत नाही.

काटकसर करायची ती वरच्या गोष्टींत करा. नारायणगाव, आळेफाटा, मंचर इथल्या दुकानांत फिरलात तर शेवटच्या लॉटच्या टाइल स्वस्तात मिळतात. लहान न्हाणीला मोजक्याच पेट्या लागतात. जमिनीला खरखरीत आणि लहान टाइल घ्या, मोठ्या टाइलला ढाळ नीट देता येत नाही. भिंतीला फिकट रंग. शॉवर, आरसा, कपाट पुढच्या वर्षी आणलं तरी चालतं. दार पीव्हीसीचं आणि बाहेर उघडणारं असू द्या. त्यानं आतली जागा वाचते, शिवाय आत कुणी म्हातारं माणूस पडलं तर दार त्याला अडकत नाही. सांडपाण्याचा शोषखड्डा मात्र घराच्या पायापासून लांब हवा.

एका गोष्टीत मी कुणाचंही ऐकणार नाही, ती म्हणजे गॅस गिझर. दुकानदार तो स्वस्त म्हणून सुचवतात, विजेचा भार वाचतो हेही खरं. पण गॅस जळताना खोलीतला प्राणवायू संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. आंघोळ करणाऱ्याला आधी गरगरतं आणि कडी काढण्याआधीच शुद्ध हरपते. चार बाय पाचच्या बंद खोलीत हे फार लवकर घडतं. आम्ही बंब परसातच ठेवला आहे, दिवस उजाडल्यावर तो पेटतो. पहाटेसाठी विजेचा लहान गिझर, त्याला चांगलं अर्थिंग आणि विजेची गळती पकडणारा स्विच. तुमच्या न्हाणीत गॅस गिझर असेल, तर टाइलचा विचार नंतर करा, आधी तो बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर हलवून घ्या.