बुडत्या जहाजाची हाक कुठे पोहोचते?

प्रश्न : माझा भाऊ मालवाहू जहाजावर आहे. त्याने पाठवलेल्या फोटोत ब्रिजबाहेर भिंतीला लावलेला एक पिवळा डबा दिसतो. जहाज बुडालं तर तो आपोआप सुटून मदत मागतो म्हणे. भरसमुद्रात मोबाइलला रेंज नसताना हा डबा बोलतो तरी कुणाशी?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : थेट उपग्रहाशी! खलाशी या डब्याला ‘ईपर्ब’ म्हणतात. जहाज खाली गेलं, की चार मीटर खोली गाठण्याआधीच पाण्याच्या दाबाने त्याची कडी सुटते. डबा तरंगत वर येतो, पाणी लागताच सुरू होतो आणि साधारण दर 50 सेकंदांनी 406 मेगाहर्ट्झवर अर्ध्या सेकंदाचा संदेश सोडतो. त्यात त्याचा स्वतःचा क्रमांक असतो. बॅटरी निदान 48 तास पुरते.

जागा कशी कळते? फलाटावर उभं असताना शिट्टी वाजवत येणारी गाडी आठवा. गाडी पुढे निघून जाताना शिट्टीचा स्वर खाली येतो. खालच्या कक्षेतला उपग्रह डब्यावरून जाताना संदेशाची कंप्रता तशीच बदलते आणि त्या बदलावरून डब्याचं ठिकाण काढता येतं. आता जीपीएस, गॅलिलिओ यांचे उपग्रहही ही हाक टिपतात. एकच संदेश अनेकांना ऐकू आल्याने वेळ वाचतो. बऱ्याच नव्या डब्यांत जीपीएस असतं, ते आपलं ठिकाण संदेशातच कळवतात.

ही हाक टिपणाऱ्या ‘कोस्पास-सारसॅट’ या यंत्रणेचा पहिला उपग्रह 1982 साली सोव्हिएत संघाने सोडला. अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्स त्यात भागीदार होते. शीतयुद्धाच्या दिवसांतही संकटातल्या माणसासाठी हे देश एकत्र आले, याचं मोल मला फार वाटतं. त्याच वर्षी सप्टेंबरात कॅनडात कोसळलेल्या छोट्या विमानातले तिघे या यंत्रणेमुळे वाचले. भारतात हे संदेश बंगळुरूला इस्रोच्या केंद्रात येतात. तिथून ते तटरक्षक दलाच्या बचाव केंद्रांकडे जातात. त्यांतलं एक मुंबईत आहे.

सप्टेंबर 2018 मध्ये नौदल अधिकारी अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ या शिडाच्या नौकेतून एकटेच जगप्रदक्षिणेवर होते. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर मार बसला. पर्थ तिथून साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. ईपर्बची हाक पोहोचली, भारतीय नौदलाच्या विमानाने नौका हेरली आणि 24 सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं.

डबा मात्र फक्त हाक मारतो. ती कुणाची, हे नोंदणीवरून कळतं. नोंदीतला फोन जुना असेल, तर खरं संकट की चुकून दबलेलं बटण, हे ताडण्यात मोलाचा वेळ जातो. म्हणून नोंद ताजी आणि बॅटरी मुदतीतली हवी. चुकून सुरू झालाच, तर लगेच बचाव केंद्राला कळवावं.

भावाला आणखी एक गोष्ट जरूर सांगा. डब्यासोबत एक दोरी असते. समुद्रात उतरल्यावर ती जीवरक्षक तराफ्याला बांधायची, म्हणजे डबा माणसांजवळ राहतो. ती जहाजाच्या कठड्याला कधीही बांधायची नाही. बांधली, तर बुडणारं जहाज हाक मारणाऱ्यालाच तळाशी ओढून नेईल.