वडिलांचे घड्याळ : दुरुस्ती, विक्री आणि वारसांचा हक्क

मीरासचा विषय निघाला की आपल्यासमोर घर, जमीन आणि दागिने येतात. मात्र पवित्र कुरआनच्या सूरह अन-निसामधील 7 व्या आयतीने आईवडिलांनी व नातलगांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेत पुरुषांचा आणि स्त्रियांचाही वाटा ठरविला आहे, मग ती मालमत्ता थोडी असो वा पुष्कळ. या ‘थोडी’ शब्दाकडे आपले दुर्लक्ष होते.

समजा, विश्रांतवाडीतील एक गृहस्थ खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले व पुढे अल्लाहला प्यारे झाले. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आणि कपाटात बंद पडलेले किल्लीचे एचएमटी घड्याळ. एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळे बनविण्यास प्रारंभ केला. 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही घड्याळ कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. त्यामुळे जुन्या घड्याळांना आता शौकीन ग्राहक मिळतात. थोरला म्हणतो, ‘दुरुस्त करून मी वापरतो.’ धाकटा म्हणतो, ‘विकून टाकू.’ बहिणीला कोणी विचारीतच नाही.

आधी मालकी

दुरुस्ती की विक्री, हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न : घड्याळ कोणाचे? कफन-दफनाचा खर्च, मृताचे कर्ज (पत्नीचा न दिलेला महर हेही कर्जच) आणि एक तृतीयांशाच्या मर्यादेतील वसीयत यांनंतर जे उरते, ते सर्व वारसांचे असते. वडिलांची वस्तू थोरल्या मुलाचीच, ही रूढी आहे. शरीयतचा हुकूम नव्हे.

घड्याळ कापून वाटता येत नाही. म्हणून त्याची किंमत ठरवावी. दोन जाणकारांना दाखविले आणि ती 4,000 रुपये ठरली, असे मानू. पत्नीचा आठवा हिस्सा 500 रुपये. उरलेल्या 3,500 रुपयांत मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणजे प्रत्येक मुलाला 1,400 आणि मुलीला 700 रुपये. थोरल्याला घड्याळ हवे असेल तर त्याने इतरांना 2,600 रुपये द्यावेत, किंवा त्यांनी आपला हक्क राजीखुशीने सोडावा.

येथे ‘राजीखुशी’ला महत्त्व आहे. ‘एवढ्याशा घड्याळासाठी भावाशी काय बोलायचे?’ म्हणून बहीण गप्प बसली, तर ते मौन संमती ठरत नाही. आधी तिचे 700 रुपये तिच्या हातावर ठेवावेत; नंतर तिने आनंदाने परत दिले तर ती तिची भेट. वारसांत कोणी अज्ञान बालक असेल, तर त्याचा हिस्सा आईलाही माफ करता येत नाही.

दुरुस्ती

किल्लीच्या घड्याळातील तेल कालांतराने सुकते. पुष्कळदा खोलून साफ करणे व नवे तेल देणे एवढ्यानेच ते चालू होते. पण सुटे भाग बदलावे लागले तर खर्च घड्याळाच्या किमतीपुढे जाऊ शकतो. म्हणून कारागिराकडून खर्च आधी विचारावा व सर्व वारसांना कळवावा. न विचारता केलेला खर्च सर्वसाधारणपणे स्वतःच्या मर्जीने केलेला ठरतो. तो इतरांकडून वसूल करता येत नाही. आठवण जपणे गैर नाही, पण हौसेपायी उधळपट्टी नको. घड्याळ सोन्याचे असल्यास पुरुषाने ते मनगटावर बांधणे जायज नाही.

विक्री

विकण्याचे ठरले तर दोष लपवू नये. तबकडी पुन्हा रंगविलेली असेल, काटे वा आतील भाग बदललेले असतील, वेळ मागे पडत असेल, तर ग्राहकाला स्पष्ट सांगावे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातील धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. ओला माल वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्यास विचारले आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध नाकारला. ‘जुने पण अस्सल’ म्हणून बदललेले घड्याळ विकणारा त्याच राशीपाशी उभा असतो.

वाचकहो, घड्याळ थोरल्याच्या मनगटावर राहो की ग्राहकाकडे जावो, दोन्ही मार्ग खुले आहेत. बंद आहे तो एकच : दुसऱ्याचा हक्क दाबण्याचा. आपल्याही घरातील कपाटात अशी एखादी न वाटलेली वस्तू असेल, तर आजच बहिणीला विचारा. अल्लाह आम्हा सर्वांना हक्कदाराचा हक्क पोहोचविण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.