कीर्ति आणि मनाचा आजार

पाय मोडलेल्या मुलास कोणी धांवावयास लावीत नाहीं. पण "माझें मन थकलें" असें म्हणणाऱ्यास मात्र आपण हंसतों किंवा दटावितों. ही चूक किती घातक आहे, हें एका अमेरिकन संगीतकाराच्या चरित्रावरून पाहूं.

ब्रायन विल्सन यांचा जन्म १९४२ सालीं कॅलिफोर्नियांत झाला. उजव्या कानानें त्यांस जवळजवळ ऐकूंच येत नसे. तरीहि दोन धाकटे भाऊ, आतेभाऊ व एक मित्र यांच्यासह त्यांनीं १९६१ सालीं 'बीच बॉइज' हा रॉक संगीताचा संच काढला. वडीलच आरंभीं व्यवस्थापक होते. १९६४ या एका वर्षांत संचाच्या चार मोठ्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. शिवाय दौरे चालूच होते. चाली रचण्याचा मुख्य भार ब्रायन यांजवर असे. त्याच डिसेंबरांत ह्यूस्टनला जाणाऱ्या विमानांत हा बावीस वर्षांचा तरुण अकस्मात् रडूं लागला. त्यानंतर त्यांनीं दौरे सोडले, व घरीं राहून १९६६ सालीं 'पेट साउंड्स' ही प्रख्यात ध्वनिमुद्रिका सिद्ध केली.

परंतु पुढील 'स्माइल' ही कृति १९६७ सालीं अपुरीच राहिली. त्यांस नसलेले आवाज ऐकूं येत. ते आवाज त्यांस धमकावीत. मादक पदार्थांनीं दुखणें अधिकच बळावलें. कीर्ति हें या आजाराचें एकमेव कारण नव्हे. पण टाळ्यांच्या गजरांत रोग्याचें कण्हणें ऐकूं येत नाहीं, हें खरें.

पुढें योग्य निदान, औषधें व पत्नीचा आधार लाभला. आवाज पुरते थांबले नाहींत. तथापि २००४ सालीं, सदतीस वर्षांनीं, 'स्माइल' पूर्ण होऊन लंडनच्या रंगमंचावर सादर झालें. २०२५ सालीं, ब्याऐंशीव्या वर्षीं, ते निवर्तले.

पालकहो, नापास होणाऱ्या मुलाची चौकशी आपण सारेच करितों. पहिल्या येणाऱ्या मुलाची झोंप, भूक व अबोलपणा यांकडे मात्र आपलें लक्ष जात नाहीं. आम्ही शिक्षकहि या दोषांतून मुक्त नाहीं. आणि मुलांनो, मन दुखूं लागल्यास तें लपवूं नका. घरीं सांगा, आम्हांस सांगा. विमानांतील ते अश्रु दुबळेपणाचे नव्हते. ती मदतीची हांक होती.