चिंगीला घेऊन निघतेयस ना? मग ऐक

अगं, ती सामानाची यादी आधी बाजूला ठेव बघू. टॉवेल चार घ्यायचे की सहा, यावर काही अडत नाही. पुणे, कराड, कोल्हापूर, मग आजऱ्यावरून आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी, असा रस्ता तू धरलायस. तिन्ही मुक्काम कुत्री पाळणाऱ्यांच्या घरी, म्हणजे निम्मी काळजी तिथंच मिटली. सोफ्यावर केस पडले म्हणून तिथं कुणी नाक मुरडणार नाही. आणि खरं सांगू का, उरलेल्या निम्म्यातली अवघड गोष्ट रस्त्यावर नाहीच, ती आहे यजमानांच्या घरात. तिथं तुला स्पष्ट बोलावं लागणार आहे, आणि तू पडलीस भिडस्त.

पण आधी गाडीचं बोलू. चिंगीला गाडी लागते म्हणून तू रडकुंडीला आलीयस. बघ, लहान वयात कुत्र्यांचा तोल सांभाळणारा कानाच्या आतला भाग पुरता तयार झालेला नसतो, म्हणून पिल्लांना गाडी जास्त लागते. पुष्कळांचं ते वाढत्या वयात आपोआप कमी होतं. शिवाय आजवर ती गाडीत बसली की पोचते कुठं? दवाखान्यात, सुई टोचून घ्यायला. मग गाडी दिसली की लाळ गळणारच गं! आतापासूनच तिला इंजिन बंद असलेल्या गाडीत घेऊन नुसतं बस, आवडीचं खायला दे आणि उतरव. मग गल्लीच्या टोकापर्यंत ने, मग एखाद्या मोकळ्या मैदानावर. निघायच्या दिवशी पोटभर जेवण नको. तीन-चार तास आधी थोडंसं दिलंस की पुरे, पाणी मात्र तोडू नकोस. तरीही ओकलीच तर डॉक्टरांकडून तिच्या वजनाप्रमाणे गोळी लिहून घे. आपल्या डब्यातली गोळी मोडून द्यायची नाही. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन ही आपली साधी औषधं कुत्र्यांच्या जिवावर बेततात.

मे महिन्यातला हा प्रवास पुढं-मागं करता येत असेल तर कर. नसेलच जमत तर पहाटे पाचला पुणं सोड आणि ऊन चढायच्या आत कराड गाठ. दर दोन तासांनी थांब. थांबलीस की दार उघडण्याआधी पट्टा हातात हवा, कारण धाब्यावरची कुत्री अंगावर आली तर बिथरलेलं जनावर थेट महामार्गावर धावतं. डांबरावर आधी हाताची मागची बाजू टेकवून बघ. पाच-सात सेकंद तुला सोसवत नसेल, तर तिच्या पंजालाही सोसवणार नाही. आणि एक गोष्ट मी रागावूनच सांगते: चहाला उतरताना तिला गाडीत कोंडून जायचं नाही, काच चार बोटं उघडी ठेवूनसुद्धा नाही. बाहेर 30 अंश असले तरी अर्ध्या तासात गाडीच्या आत 45 च्या पुढं जातं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते अंग थंड करतं, आणि आतली हवाच तापली की तेही जमत नाही. गाडीत तुम्ही दोन माणसं आहात ना? मग आळीपाळीनं चहा प्या.

तिला बसव मागच्या सीटवर, छातीपट्टा घालून. सीटबेल्टला अडकवायची दोरी छातीपट्ट्यालाच लाव, गळपट्ट्याला नको, नाहीतर करकचून ब्रेक लागला की हिसका मानेला बसतो. खिडकीतून डोकं बाहेर काढलेलं फोटोत छान दिसतं, पण धूळ-खडे डोळ्यांत जातात.

आता उंबरठ्याची गोष्ट. कराडच्या ताईंचा लॅब्रेडॉर कितीही गरीब असला तरी ते घर त्याचं आहे, हे विसरू नकोस. चिंगीला थेट आत नेऊन त्याच्या पुढ्यात उभी करू नकोस. पोचायच्या आधी फोन कर आणि सांग, “ताई, त्याला पट्टा लावून बाहेर आणता का?” मग दोघांना एकाच दिशेनं, थोडं अंतर राखून चालवा. वास घेऊ देत, पुढं-मागं होऊ देत. पंधरा-वीस मिनिटं अशी गेली की घरात जा, तेही त्याची वाटी, हाडूक, चेंडू आधी उचलून ठेवायला सांगून. जेवण दोघांना वेगवेगळ्या खोलीत. कुणी गुरगुरलं तर दटावायचं नाही हं. गुरगुरणं म्हणजे “लांब हो” असं सांगणं. ते दाबलं तर पुढच्या वेळी कुत्रं न सांगता चावतं.

कोल्हापुरात तुझी खरी परीक्षा आहे. तिथल्या घरात पाहुण्याला उपाशी ठेवत नाहीत, मग तो दोन पायांचा असो की चार. तांबड्या रश्श्यात कालवलेला भात आणि वर नळीचं हाडूक चिंगीपुढं यायला वेळ लागणार नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो आणि शिजलेलं हाड चावलं की त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात. म्हणून आदल्या दिवशीच कळव: “काकू, तिच्यासाठी मीठ-मसाला न घालता उकडलेलं, हाडं काढलेलं चिकन आणि भात एवढंच ठेवा.” त्यांना राग येणार नाही गं. उलट काय करायचं ते नेमकं कळलं की त्या दुप्पट प्रेमानं करतील. कुत्र्यावर माया करणाऱ्या माणसाला नुसतं “नको” म्हटलं की लागतं, “याच्याऐवजी हे द्या” म्हटलं की नाही लागत. मनुके आणि चॉकलेट मात्र तिथल्या पोरांनाही बजावून ठेव.

सावंतवाडीच्या वाडीत गेलीस की तिला मोकळी सोडायचा मोह होईल. लाल माती, माड, मोठं अंगण! दिवसा लांब दोरीवर खुशाल हुंदडू दे, फक्त आधी विहिरीचा कठडा आणि कोंबड्यांचं खुराडं कुठं आहे ते बघून घे. आंब्याची कोय तोंडात दिसली की लगेच काढून घे. गिळली तर आतड्यात अडकते आणि शस्त्रक्रियेवर येतं. अंधार पडला की पट्टा आणि बॅटरीशिवाय बाहेर पाऊल नाही, कारण तळकोकणात फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, फार. हातभरसुद्धा नसतं ते, पाचोळ्यात दिसत नाही, आणि कुत्रं आधी नाक खुपसतं. ते चावलंच तर तिला चालवू नका, उचलून गाडीत घाला आणि निघा. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर पोचल्याबरोबर यजमानांकडून मागून घे, तेव्हा शोधत बसायला नको. रात्री ती तुझ्या खोलीत झोपेल. “आमची पडवीतच बांधतो” असं कुणी म्हणालं तरी तू ऐकू नकोस. बिबट्याला कुत्रं आयतं सापडतं.

लसीकरणाची वही पर्समध्ये ठेव, रेबीजची या वर्षीची लस झालीय ना ते आजच बघ, आणि गोचिडांचं औषध निघायच्या आधी लाव. घरचं नेहमीचं खाणं आणि तिची जुनी चादर घे. तिच्या वासाची चादर अंथरलीस की परक्या घरात चिंगी लवकर झोपेल.

परत आलीस की तिच्या कानाच्या पाळीत, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली गोचीड आहे का ते नीट चाचपून बघ. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत जेवण सोडलं, अंग तापलं किंवा हिरड्या फिकट दिसल्या, तर प्रवासाचा शीण म्हणून सोडून देऊ नकोस. डॉक्टरांना “आम्ही कोकणात जाऊन आलो” एवढं आधी सांग आणि रक्त तपासून घे. गोचीडताप वेळेवर कळला की औषधानं बरा होतो.