टोळधाडीची वर्दी आणि नागरिक-विज्ञान

मे २०२० च्या चौथ्या आठवड्यात वाळवंटी टोळांचे थवे झाशी जिल्ह्यात पोहोचले. बंगरा-मगरपूर परिसरात दिसलेला थवा सुमारे अडीच ते तीन किलोमीटर लांबीचा होता. जिल्हा प्रशासनाने अग्निशामक दलाला रसायनांसह सज्ज ठेवले आणि ग्रामस्थांना थव्याच्या हालचाली नियंत्रण कक्षास कळविण्यास सांगितले. वैज्ञानिक निरीक्षणात सामान्य माणसाने असा भाग घेणे म्हणजेच नागरिक-विज्ञान होय. त्या घाईत हा शब्द कोणाला आठवला नसेल, इतकेच.

या वर्दीचे मोल टोळाच्या दिनक्रमावर ठरते. थवा दिवसा वाऱ्याच्या दिशेने उडतो, एका दिवसात शंभरहून अधिक किलोमीटर अंतर कापू शकतो आणि सूर्यास्ताच्या सुमारास झाडाझुडपांवर उतरतो. फवारणीस योग्य वेळ रात्रीपासून सकाळी ऊन तापेपर्यंतची, कारण तेव्हा कीटक थंडावलेले असतात. म्हणून सायंकाळी सातला आलेली वर्दी कामाची ठरते. तीच दुसऱ्या दिवशी दुपारी आली, तर थवा पुढच्या जिल्ह्यात गेलेला असतो. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात ४ ते ८ कोटी टोळ असू शकतात. प्रत्येक प्रौढ टोळ दिवसाला सुमारे २ ग्रॅम पाला खातो, असे धरल्यास हे प्रमाण रोज ८० ते १६० टनांवर जाते.

येथेच निरीक्षकाची खरी कसोटी लागते. त्याच महिन्यात अमरावती, वर्धा व नागपूर जिल्ह्यांतही टोळ आले, तेव्हा शेतकऱ्यांनी थाळ्या-डबे वाजवून ते हुसकावले. दिवसा उडत्या थव्याला बसू न देण्यास हा उपाय ठीक आहे. मात्र सायंकाळी बसलेला थवा उठविला, की कळविलेले ठिकाण चुकते आणि संकट शेजारच्या शिवारात जाते. स्वतःच्या संत्र्यांवर टोळ बसलेले असताना पथकाची वाट पाहा, असे सांगणे सोपे नाही. असे सांगणाऱ्या यंत्रणेने त्याच रात्री तेथे पोहोचले पाहिजे.

ठिकाण व वेळ यांच्याइतकाच रंगही नोंदवावा. गुलाबी टोळ अपरिपक्व असतात. ते पुष्कळ खातात आणि दूरवर भटकतात. पिवळे टोळ प्रजननक्षम असतात. ते उतरल्यास ओलसर, वाळूमिश्रित जमिनीत अंडी घातली जाण्याचा संभव असतो व साधारण दोन आठवड्यांनी पिल्ले निघतात का, हे पाहावे लागते.

चुका होणारच. त्याच सुमारास तमिळनाडूतील कृष्णगिरी जिल्ह्यात रुईवर जमलेले रंगीत नाकतोडे पाहून ग्रामस्थ धास्तावले होते. तज्ज्ञांनी ते वाळवंटी टोळ नसल्याचे स्पष्ट केले. अशा वर्दीची थट्टा करू नये. छायाचित्र मागवावे, कीटक ओळखावा आणि कळविणाऱ्यास उत्तर द्यावे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२० मध्ये उपलब्ध केलेल्या ‘ई-लोकस्ट३एम’ या मोबाइल अ‍ॅपमध्ये छायाचित्र व स्थान एकत्र पाठविण्याची सोय होती.

आणखी एक नोंद सहसा कोणी करीत नाही: ‘पाहणी केली, टोळ आढळले नाहीत’. थव्याचा मार्ग आखताना रिकाम्या शिवारांची ही माहितीही तितकीच लागते.