उसाचा केवडा आणि घरातला केवडा



चुनखडीच्या रानात खोडवा फुटून वर आला की एक गोष्ट हमखास दिसते. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि पुढं सगळं पानच पांढुरकं होतं. आपण म्हणतो, ‘केवडा पडला.’ शेतकी खात्याचा माणूस येतो, पान बघतो आणि सांगतो की लोह कमी पडलंय. आपण लगेच हिराकस आणतो, शेणखतात मुरवून टाकतो किंवा फवारतो. कुणी उद्यावर ढकलत नाही, कारण केवडा अंगावर काढला तर टनेज घटतं हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे.

असाच केवडा माणसाच्या अंगातही पडतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. गरोदर बायांत हे प्रमाण ४६ टक्के होतं. म्हणजे आपल्या घरात दोन सुना असतील तर त्यांतली एक या हिशेबात येते. रानातला केवडा आपण बांधावरून ओळखतो, घरातला मात्र ‘बाई जरा अशक्त आहे’ म्हणून सोडून देतो. म्हणून या पाठात आम्ही तोच विषय घेतला आहे. मूल व्हावं, गरोदरपण सुखाचं जावं आणि एरवीही अंगात ताकद राहावी यासाठी घरच्या घरी काय करता येतं, आणि घरच्या उपायांची हद्द कुठं संपते, हे पाहू.

केवडा ओळखायचा कसा?

लोहाशिवाय पानाला हिरवा रंग येत नाही, तसा लोहाशिवाय रक्ताला लाल रंग येत नाही. रक्तातलं हे लाल द्रव्य म्हणजे हिमोग्लोबिन. छातीतला प्राणवायू अंगभर पोचवण्याचं काम त्याचं. ते कमी झालं की बाईला चढावर धाप लागते, डोळ्यांपुढं अंधारी येते, पायांत गोळे येतात. पापणी खाली ओढून पाहिली तर आतला भाग फिका दिसतो. काही बायांना माती, राख, खडू खावासा वाटतो. त्याला आपण डोहाळे म्हणून हसतो, पण पुष्कळदा ती लोहाच्या कमतरतेची खूण असते.

मात्र डोळ्यांनी पाहून खात्री होत नाही. माती परीक्षणासारखं रक्त तपासून घ्यावं. बिगर-गरोदर बाईला हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर बाईला ११ च्या खाली असेल तर रक्त कमी समजतात. ७ च्या खाली गेलं तर ते फार गंभीर. अशा बाईला बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी जिवावर बेततं. मूल कमी दिवसांचं आणि कमी वजनाचं होण्याचा धोकाही वाढतो. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते.

ताटात आहे ते अंगी का लागत नाही?

केवडा पडलेल्या रानात लोह नसतंच असं नाही. बहुधा असतं, पण चुनखडी ते पिकाला मिळू देत नाही. ताटाचंही असंच होतं. भाजी-भाकरीत लोह असतं, पण जेवणाबरोबर किंवा लगेच वर चहा घेतला की चहातली तुरट द्रव्यं ते बांधून ठेवतात. तेव्हा चहा जेवणाच्या आधी-नंतर तासभर तरी लांब ठेवावा. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतलं जीवनसत्त्व ‘क’ हे लोह मोकळं करतं. हिराकस शेणखतात मुरवला की पिकाला लागू पडतो, तसंच भाजीवर लिंबू पिळलं की लोह अंगी लागतं.

घरात करण्यासारखं पुष्कळ आहे. बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, शेवग्याचा पाला, राजगिरा, तीळ, अळिवाचे लाडू या आपल्याच वस्तू आहेत. ज्यांना चालतं त्यांनी मटण, मासे आणि अंडी खावीत. मटण-माशांतलं लोह पालेभाजीतल्यापेक्षा सोपं अंगी लागतं. चिंच-आमसुलाची आंबट आमटी-भाजी लोखंडी कढईत केली तर कढईचंही थोडं लोह अन्नात उतरतं. आणि सर्वांत मोठा उपाय बिनपैशाचा आहे. घरातली बाई सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं खाते. ती सगळ्यांबरोबर बसून जेवली तरी निम्मं काम होईल.

आता गुळाचा खरा हिशेब सांगतो. आपण ऊसवाले, म्हणून गुळाची बाजू घ्यायची असं नाही. ‘गूळ खा, रक्त वाढेल’ असं सगळेच म्हणतात. १०० ग्रॅम गुळात लोह साधारण ४-५ मिलिग्रॅम, तेही गुळागुळाप्रमाणे कमी-जास्त. गरोदर बाईला पूर्ण नऊ महिन्यांत सुमारे १००० मिलिग्रॅम लोह जादा लागतं. सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम असतं. एका गोळीइतकं लोह गुळातून मिळवायचं तर रोज सव्वा ते दीड किलो गूळ खावा लागेल! शेंगदाण्याबरोबर गुळाचा खडा चांगलाच, पण तो औषध नव्हे. आणि गरोदरपणात ज्या बायांची साखर वाढते त्यांना गूळ काय नि साखर काय, दोन्ही सारखीच. ही साखर वाढली आहे का, हे ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त तपासलं की कळतं. ती तपासणी चुकवू नये.

गोळी म्हणजे ‘केमिकल’ काय?

बऱ्याच सासवा म्हणतात, ‘आमच्या वेळी नव्हत्या गोळ्या, गोळीनं उष्णता होते.’ त्यांना मान देऊनच एक गोष्ट सांगतो. १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईला आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिनं काम केलं. कापड गिरण्यांच्या वस्तीतल्या गरीब गरोदर बाया एका विशिष्ट पंडुरोगानं हकनाक मरत होत्या. त्याचं कारण ती शोधत होती. या बायांच्या जेवणात काहीतरी कमी आहे, हे तिनं ताडलं. यीस्टचा अर्क देऊन तिनं बाया बऱ्या केल्या आणि १९३१ साली ते प्रसिद्ध केलं. अर्कातलं गुणकारी द्रव्य कोणतं हे तेव्हा कळलं नव्हतं. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळं काढण्यात आलं. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड. तेव्हा दवाखान्यातली ही गोळी म्हणजे पालेभाजीतलंच सत्त्व, फक्त मोजून दिलेलं. आणि तिच्यातलं लोह म्हणजे आपण उसाला देतो त्याच जातीचा क्षार, पण औषधाच्या दर्जाचा, शुद्ध केलेला. खताच्या पोत्यातला हिराकस कुणी तोंडात घालू नये, हे स्पष्ट सांगतो.

फॉलिक ॲसिड कधी घ्यायचं, हे फार महत्त्वाचं. गर्भाच्या मेंदूचा आणि पाठीच्या कण्याचा पाया गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत बंद होतो. त्या वेळी पुष्कळ बायांना आपण गरोदर आहोत हेही ठाऊक नसतं. पाया भरताना सत्त्व कमी पडलं तर मूल व्यंगाचं होऊ शकतं. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, आधी असं मूल झालेल्या बायांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड दिल्यावर हा धोका सुमारे पाऊणपट कमी झाला. म्हणून लावणीआधी जमीन तयार करावी, तशी मूल हवं असं ठरलं की आधीपासूनच डॉक्टरांच्या सल्ल्यानं ही गोळी सुरू करावी.

गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून लोह-फॉलिकची गोळी रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस, असा नियम आहे. ही गोळी आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नये, दोन तासांचं अंतर ठेवावं. कॅल्शियमची गोळी म्हणजे शेवटी चुनाच. रानात चुनखडीनं लोह अडवलं, पोटातही कॅल्शियम ते अडवतं. शौच काळी होते, मळमळतं, त्याला घाबरू नये. रात्री जेवणानंतर घेतली तर सोसते. गोळ्या लहान मुलांच्या हाती मात्र लागू देऊ नयेत. मुलानं मूठभर गोळ्या गिळल्या तर जिवाला धोका होतो. गोळ्या नियमानं घेऊनही रक्त वाढलं नाही तर जंत, ब-१२ ची कमतरता, सिकलसेल, थॅलेसेमिया यांची तपासणी करून घ्यावी.

बेणं दोघांचं

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही की बोट सुनेकडं जातं. हे चूक आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडंही दोष असतो, म्हणून पहिली तपासणी दोघांची व्हावी. पुरुषाचं बीज तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. तंबाखू, दारू आणि अंगावर पडणारी औषधं या काळात बाधतात. १९७७ साली कॅलिफोर्नियात सूत्रकृमीवरचं एक औषध बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना मुलं होईनाशी झाली, तेव्हा त्या औषधानं बीजच नासतं हे उघड झालं. म्हणून फवारणी करताना हातमोजे, पूर्ण कपडे, तोंडाला पट्टी हवीच. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत आणि गरोदर बाईकडून ते धुवून घेऊ नयेत.

बाईला गर्भ राहण्याचे दिवस महिन्यातून सहाच असतात. पुढची पाळी येण्याच्या सुमारे १४ दिवस आधी बीज सुटतं. तो दिवस आणि त्याआधीचे पाच. वर्षभर वाट पाहूनही गर्भ राहिला नाही तर डॉक्टरांकडं जावं. बाई पस्तिशीपुढची असेल तर सहा महिन्यांतच. ‘मुलगाच होईल’ म्हणून मिळणाऱ्या पुड्या कुणी घेऊ नयेत. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतानाच बापाच्या बीजावरून ठरलेलं असतं. पुडीनं ते बदलत नाही, बाळाला इजा मात्र होऊ शकते. मिश्री लावणाऱ्या बायांनी ती गरोदरपणात तरी सोडावी, त्यानं मूल कमी वजनाचं होतं.

गोठ्याकडंही लक्ष हवं. गाय-म्हैस गाभडली तर पडलेलं वासरू आणि वार उघड्या हातानं उचलू नये. गरोदर बाईनं तर तिथं जाऊच नये. त्यातून आणि कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस माणसाला होतो. दूध उकळूनच प्यावं.

खोडव्यावर खोडवा

खत न देता खोडव्यावर खोडवा घेतला तर जमीन उतरते, हे आपण सगळे जाणतो. एक बाळंतपण झाल्यावर बाईच्या अंगातलं लोह भरून यायला वेळ लागतो. म्हणून पुढचा गर्भ राहण्यात निदान दोन वर्षांचं अंतर हवं. बाळ पहिले सहा महिने आईकडून मिळालेल्या साठ्यावर जगतं. आईचा साठाच रिकामा असेल तर बाळाचाही रिकामा.

टोळीतल्या बहिणी

ज्या बाया आपला ऊस तोडतात, त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय हा पाठ पुरा होत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न राज्यभर गाजला. शासनानं समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायांपैकी १३ हजारांहून अधिक बायांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात, पाळीच्या दुखण्याला सुट्टी नाही, फडात पाणी-आडोसा नाही, मग बाई दुखण्याचं मूळच काढून टाकायला तयार होते. ऊस आपला आहे, म्हणून ही जबाबदारीही थोडी आपली आहे.

आपल्या फडात टोळी उतरली की सभासदानं एवढं करावं. कोपीत गरोदर बाई आहे का हे घरातल्या बाईनं विचारावं आणि गावच्या आशाताईला कळवावं. गरोदर बाईचं कार्ड दुसऱ्या जिल्ह्यातलं असलं तरी तिला इथं तपासणी आणि गोळ्या मिळाल्या पाहिजेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची खास तपासणी असते. त्या दिवशी तिला मोळी उचलायला लावू नये आणि तिचा खाडाही धरू नये, असं मुकादमाला बजावावं. फडावर प्यायचं स्वच्छ पाणी ठेवावं. कुणी गर्भाशय काढायला सांगितलं तर आधी सरकारी रुग्णालयात दुसरा सल्ला घ्यायला सांगावं.

इथं घरचा उपाय नाही

गरोदर बाईला अंगावरून रक्त गेलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढं चमकू लागलं, तोंड-हात सुजले, झटका आला, ताप चढला, पाणी गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर काढा नको, लाडू नको, सकाळची वाटही नको. १०८ ला फोन करून तिला दवाखान्यात न्यावं.

उजळणी

१. आपल्या घरातल्या प्रत्येक बाईचं हिमोग्लोबिन किती आहे?
२. जेवणानंतर चहा किती वेळानं घेतला जातो?
३. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी वेगवेगळ्या वेळी घेतली जाते का?
४. आपल्या फडातल्या टोळीत गरोदर बाई आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत मिळणार नाही. आपल्या प्लॉटचा नंबर, लावणीची तारीख, टनेज आपल्याला तोंडपाठ असतं. त्याच वहीत घरातल्या बायांची नावं लिहावीत आणि प्रत्येकीपुढं हा एक आकडा मांडावा, एवढीच आमची सर्व सभासदांना विनंती आहे.